आईच्या तळणीचं तेल

डिझेलची टंचाई होती, म्हणून सोपान आपली जुनी डिझेल मोटार तळणीच्या उरल्या तेलावर चालवायचा. दर रविवारी वराळ्याहून कुसगावला यायचा, आईनं गाळून ठेवलेला डबा उचलायचा आणि उभ्या उभ्या निघायचा.

त्या रविवारी घराला कुलूप होतं. गाडीतूनच तो शेजारच्या शालूबाईला म्हणाला, "मावशी, आता डिझेल मिळतंय. तेल ठेवू नको म्हनावं आईला. तिचा भज्यांचा गाडा व्हता म्हनून निभावलं."

"गाडा? त्यो तर गुडघं धरलं तवाच इकला की तिनं."

"मग एवढं तेल कुटलं?"

"घरीच भजी तळती आन् आळीभर वाटती. तेल न्हाई उरलं तर सोपान कशाला यील, म्हनती. आताबी रेशनवर तेलाच्या रांगंत उभी हाय."