बरणीतला पोळा

पोळ्याच्या दिवशी गिरजाकाकू पुरणपोळीचं ताट घेऊन थेट प्रयोगशाळेत हजर झाल्या. बरणीत बोटभर यकृत तरंगत होतं, त्यांच्याच पेशींपासून वाढवलेलं. काकूंना द्यायचं प्रत्येक औषध आधी त्यानं सोसलं. एकदा तर एका औषधानं ते काळंठिक्कर पडून मग सावरलं होतं; ते औषध काकूंना दिलंच नाही. म्हणून आज काकू ठणठणीत होत्या.

त्यांनी बरणीला हळदकुंकू लावून ताट ओवाळलं.

"काकू, त्याला काही कळत नाही हो," डॉक्टर मोहोड हसल्या. "आता दुसऱ्या रुग्णांची औषधं यावर तपासू का? तुमची परवानगी हवी."

"बैलाला तरी कुठं कळतं पोळा कधी येतो ते? आपल्याला कळतं ना!" काकूंनी हात जोडले. "खुशाल तपासा, डॉक्टरीणबाई. पण उद्यापासून. आज त्याच्या खांद्यावर जू नको."