मंगळवारची पाहणी

“फुटलेली फरशी आमच्याकडे, काका. गळका पाइप पाणीपुरवठा समितीकडे, डास आरोग्य समितीकडे,” दारातलं गटार बघून नगरपालिकेच्या बांधकाम समितीच्या सभापतीबाई म्हणाल्या. लिगाडे मास्तरांनी चहा दिला म्हणून त्या आत टेकल्या. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बघत त्यांनी विचारलं, “काकू का?” मास्तर अर्धा तास बोलत राहिले. दोन वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

त्या आठवड्यात मास्तरांनी एकाच गटारासाठी तीन वेगळे अर्ज केले. पुढच्या मंगळवारी पाणीपुरवठ्याचे सभापती पाइप बघून गेले, त्याच्या पुढच्या मंगळवारी आरोग्याचे डास बघून. प्रत्येकाने दुसऱ्या समितीकडे बोट दाखवलं आणि चहा घेतला. काम काही होईना. मास्तर मात्र दर मंगळवारी दाढी करून, दोन कप विसळून वाट बघू लागले.

सहा महिन्यांनी नव्या मुख्याधिकाऱ्यांनी तिन्ही समित्यांना एकदमच पाहणीला आणलं. अकरा माणसं गटाराभोवती उभी राहिली. मास्तर चहा घेऊन बाहेर आले, पण कप दोनच. कुणीच घेतला नाही. दहा मिनिटांत सगळं ठरलं. शनिवारपर्यंत पाइप बदलला, औषध फवारलं, नवी फरशी बसली.

“आता तक्रारीला जागाच ठेवली नाही, मास्तर,” मुकादम म्हणाला.

मंगळवारी मास्तरांनी दाढी केली, दोन कप विसळले. मग कोपऱ्यातली पहार उचलून ते नव्या फरशीपाशी गेले.