सरासरी नवरा

“आमटी कुणाच्या हातची चांगली, आईच्या की बायकोच्या?” मानसशास्त्र केंद्राच्या सबनीस मॅडमनी पेन सरसावत विचारलं.

दिगंबरने तोंडाशी नेलेला घास परत ताटात ठेवला. त्याचं मन म्हणजे राज्यातल्या समस्त नवऱ्यांच्या मनाची तंतोतंत सरासरी, हे केंद्रातल्या एका यंत्राने शोधून काढल्यापासून केंद्राने बाकीच्यांना विचारणंच सोडलं होतं. तो म्हणेल तो नियम.

“सांग की रे,” आई म्हणाली. “नऊ महिने पोटात वाढवलंय, एवढं फक्त लक्षात ठेव.”

“सांगा हो,” बायको गोड आवाजात म्हणाली. “मी कशाला रागावतेय?”

आता मात्र दिगंबरला दरदरून घाम फुटला.

“मॅडम, माणसागणिक मन वेगळं,” तो म्हणाला. “माझ्यावरून सगळ्यांचं कसं ठरवणार? घरोघरी जाऊन एकेकाला विचारा.”

मॅडमना ते पटलं. केंद्राच्या माणसांनी त्याच दिवशी घरोघरी जाऊन, आई आणि बायकोच्या देखत, एकेका नवऱ्याला गाठलं. प्रत्येकाने घाम पुसत एकच उत्तर दिलं, “माणसागणिक मन वेगळं असतं हो, शेजारी विचारा.”

मानसशास्त्राला पहिल्यांदाच एकही अपवाद नसलेला नियम सापडला. त्या संध्याकाळी राज्यातल्या यच्चयावत सासवा-सुनांचं एकमत झालं, आणि एकाही नवऱ्याला कुणी जेवायला वाढलं नाही.