तिकडचे शब्द

"आई, फॉसेट घट्ट बसलाय!" बिट्टी बाथरूममधून ओरडली.

आई येऊन दारात उभी राहिली. पण नळाला हात लावला नाही. "काय घट्ट बसलाय?"

बिट्टीने ओठ चावला. "टॅप."

"शहाणी माझी बाय ती." मग आईने नळ सोडला.

दर रविवारी संध्याकाळी हेच. शनिवार-रविवार बिट्टी बाबांकडे राहायची आणि परत येताना पिशवीतल्या मळक्या कपड्यांबरोबर तिकडचे शब्दही घेऊन यायची. बाबांची नवी बायको दूरच्या देशात वाढलेली. तिच्या घरी कचऱ्याचा डबा म्हणजे ट्रॅश कॅन, कपाट म्हणजे क्लोझेट, हात पुसायचं फडकं म्हणजे डिश टॉवेल आणि रात्रीचं जेवण म्हणजे सपर. इकडे डस्टबिन, कबर्ड, नॅपकिन आणि डिनर. कपडे मशीनमध्ये टाकता येतात. शब्दांसाठी आईने ही शिकवणी काढली होती. "चपला दारात काढतेस ना? तसे तिकडचे शब्दही दारातच काढायचे," असं तिने बजावून ठेवलं होतं. बिट्टी गुणाची पोर. चप्पल काढताना ती खरंच क्षणभर थांबायची.

तसं पाहिलं तर दोन्हीकडचे शब्द इंग्रजीच. पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे नळालाही लागू पडतं. आणि आईला धास्ती होती ती नळाची नव्हतीच. पुढच्या महिन्यात कोर्टातल्या बाई बिट्टीला समोर बसवून विचारणार होत्या, तुला कुणाकडे राहायला आवडेल? तेव्हा पोरीच्या तोंडून सपर निघालं की आपण हरलो, असं तिच्या मनाने घेतलं होतं. मनाने एकदा घेतलं की त्याच्यापुढे कुणाचं चालतंय!

त्यात गंमत अशी की आईचं पोट त्याच दूरच्या देशावर चालत होतं. घरी बसून, कानाला हेडफोन लावून, ती तिथल्या लोकांच्या तुंबलेल्या सिंकच्या आणि गळक्या नळांच्या तक्रारी घ्यायची. कामात चुकून टॅप म्हणाली की सुपरवायझर डाफरायचा. म्हणजे आतल्या खोलीत फॉसेट आणि बाहेर आलं की टॅप.

आजही तिने दूध गॅसवर ठेवलं, हात पुसून नॅपकिन ओट्यावर टाकला, तेवढ्यात फोन वाजला. बिट्टीला तिथेच टेबलाशी चित्र काढत बसवून ती आत गेली. पलीकडे कुणी म्हातारा होता. त्याच्या स्वयंपाकघरात पाणी थांबत नव्हतं आणि तो रडकुंडीला आला होता.

बिट्टी दारात आली. "आई, डिश टॉवेल..."

आईने माइकवर हात ठेवला. "काय?"

"ते डिश..."

"हा आपला शब्द आहे का? आठव आधी. आठवला की सांग." आणि लगेच फोनमध्ये, साखरेत घोळवलेल्या आवाजात, "घाबरू नका सर, फॉसेटच्या खाली एक व्हॉल्व्ह असेल बघा."

बिट्टी तिथेच उभी राहिली. तिने एकदा मागे वळून पाहिलं, पुन्हा आईकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. पोर मनापासून आठवतेय, हे पाहून आईला बरं वाटलं. तिने मान हलवून तिला धीर दिला.

मग जळका वास आला.

आई धावली. नॅपकिनचं टोक शेगडीत गेलं होतं, तिथून जाळ खिडकीच्या पडद्यावर चढला होता. तिने गॅस बंद केला, पडदा ओढून काढला, तसाच सिंकमध्ये कोंबला आणि नळ पूर्ण सोडला. धूर डोळ्यांत गेला. भिंत काळी झाली होती, उजव्या हाताची बोटं भाजली होती. गळ्यात लोंबणाऱ्या हेडफोनमधून म्हातारा अजून हॅलो हॅलो करत होता.

"गधडे!" आई कडाडली. "तोंडाला काय कुलूप लागलं होतं? घर पेटलं होतं, घर! ओरडायचं नाही?"

"आठवत नव्हता," बिट्टी म्हणाली.

"काय आठवत नव्हतं?"

"इकडचा शब्द."

आई खाली बसली. भाजलेला हात तसाच वर धरून तिने दुसऱ्या हाताने पोरीला जवळ ओढलं. आईला स्वतःची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

"शब्द गेला खड्ड्यात," ती म्हणाली. "ऐक माझं. पुन्हा असं काही झालं तर काही आठवत बसायचं नाही. आई म्हणून जोरात किंचाळायचं. बस. कळलं?"

बिट्टीने मान डोलावली. मग सवयीने ओठ चावला.

"आणि तिकडे आग लागली तर," तिने हळूच विचारलं, "मम्मा म्हणून किंचाळले तर चालेल तुला?"