ऊर्जा गेली कुठे?

मृणालिनीबाईंनी जुन्या टॉवेलची चौपदरी घडी ओट्यावर ठेवली, तिच्यावर लोखंडी खलबत्ता ठेवला आणि आल्याच्या तुकड्यावर बत्ता हाणला. धप्प. उशी झटकल्याएवढा आवाज. त्यांनी कान देऊन ऐकलं. मांडणीवरच्या डब्यांची झाकणं आज किणकिणली नाहीत. प्रयोग यशस्वी. आयुष्यभर दादरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवलेल्या बाईला एवढं तर जमायलाच हवं.

खरं तर त्यांना रडू येत होतं.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी मेसेज आला होता, तोही थेट खालच्या फ्लॅटमधून. 'वरच्या बाईंनी दुपारची ठोकाठोक बंद करावी. खाली म्हातारं माणूस असतं.' त्याखाली चौघांचे अंगठे. गिरगावातली जागा विकून बाई परळच्या या टॉवरमध्ये आल्या, तेव्हापासून त्या ग्रुपवर कुणी त्यांना उद्देशून काही बोललं असेल तर ते हे एवढंच.

इमारतच अशी होती की बोलणं व्हायचं नाही. सातव्या मजल्यापर्यंत इथे पाडलेल्या जुन्या चाळीतली माणसं, आठव्यापासून वर जागा विकत घेतलेली. दोघांच्या लिफ्ट वेगळ्या, गेटं वेगळी. बाई आठव्यावर. म्हणजे वरच्यांत सगळ्यात खालच्या आणि खालच्यांना परक्या. मुलगा हर्षवर्धन रविवारी कॅनडाहून फोन करायचा, 'सगळं ठीक ना, आई?' विचारायचा आणि उत्तर यायच्या आत फोन बायकोच्या हातात द्यायचा. एखाद्या दिवशी आपण उठलोच नाही तर ते कुणाला कळेल, असा विचार बाई हल्ली वरचेवर करत. उत्तर काही बरं येत नसे.

आलं चेचता चेचता त्यांना वर्ग आठवला. अस्थितिस्थापक टक्कर, म्हणजे आदळून परत न उसळणारी. कॅरमच्या सोंगट्या एकमेकींवर आपटल्या की उडतात. कणकेचा गोळा ओट्यावर पडला की तिथेच बसतो. आणि मग दरवर्षी कुणीतरी उभं राहून विचारायचंच, "मॅडम, आधी एवढी ऊर्जा होती, नंतर कमी झाली. मग गेली कुठे?"

"काही आकार बदलण्यात, काही उष्णतेत, काही आवाजात," बाई सांगत. "थोडक्यात, वाया गेली. आपल्या गणितात ती धरायची नाही." आणि हातावरचा खडू झटकून पुढच्या गणिताकडे वळत.

बत्त्याचंही तेच. आल्यावर पडला की उडत नाही, बसतो. आलं चेचलं जातं, आणि थोडी ऊर्जा ओट्यातून, स्लॅबमधून खाली कुणाच्या तरी डोक्यावर जाते. तिची वाट आता टॉवेलने अडवली होती.

चहा त्यांनी खिडकीशी उभ्या उभ्याच घेतला. चव रोजचीच होती, तरी अर्धा कप सिंकमध्ये ओतला.

दुसऱ्या दिवशीही टॉवेल. त्यानंतरही रोज. आता आपला कुणाला म्हणून त्रास नाही, असं बाईंनी स्वतःला बजावलं. पण ज्याचा कुणाला त्रासही होत नाही, ते माणूस घरात आहे की नाही, हे तरी कुणाला कसं कळायचं? बाईंना स्वतःचीच कीव आली आणि त्या कीवेचा रागही आला.

मग एका दुपारी त्या चहा गाळत होत्या, तेवढ्यात बेल वाजली.

दारात एक म्हातारे गृहस्थ भिंतीला हात टेकून धापा टाकत होते. पांढरा सदरा, पायात रबरी चपला. चाळवाल्यांच्या लिफ्टला आठव्याचं बटण नव्हतं, त्यामुळे जिना चढून आले होते.

"मी जयवंत गावडे. तुमच्या बरोबर खाली ऱ्हातो."

बाई घाईने म्हणाल्या, "अहो, मी टॉवेल घातलाय खाली. अजूनही येतो का आवाज?"

"नाय येत. म्हणून तर आलो." त्यांनी बाईंकडे नीट निरखून बघितलं. "तुम्ही बऱ्या आहात ना, ताई?"

आणि विचारून ते उत्तरासाठी थांबले. बाईंना असं कुणी थांबण्याची सवय राहिली नव्हती.

"बरी आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "पण तुमच्याच घरून मेसेज आला होता. तुमची झोपमोड होते म्हणून."

"ती आमची सून. दोन दिवस राह्यला आली होती, तिची झोप मोडली. माझ्याच फोनवरनं धाडला तिनं, मला न विचारता. गेली परत अँटॉप हिलला." जयवंतराव ओशाळले. मग जरा हळू आवाजात म्हणाले, "मालन गेली, आमची मंडळी. तेव्हापासनं मला दुपारी उठून चहा करायचा कंटाळा यायचा. एकट्यासाठी कोण ग्यास पेटवणार? मग एक दिवस वरनं कुटायचा आवाज आला. म्हटलं, चला, कोणीतरी चहा टाकतंय. मी पण उठलो, आधण ठेवलं. मग ते रोजचंच झालं. तुमचं कुटून व्हायचं, तवर माझं पाणी उकळायचं."

ती ऊर्जा कुठे जाते, हे बाईंना आज पहिल्यांदाच कळत होतं. त्यांनी दार पूर्ण उघडलं.

"आत या ना," त्या म्हणाल्या. "बसा."

"बसतो. पण आधी तो टावेल काढा, ताई," जयवंतराव म्हणाले. "तो घातलात त्या दिवसापासनं मी एकट्यानंच चहा पितोय."