व्हर्नाची पहिली गिटार

अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात व्हर्नाच्या आयुष्यावरच्या सिनेमाचं चित्रीकरण चाललं होतं. खाणकामगाराच्या खोपटातून निघालेली ही मुलगी आता कंट्री, म्हणजे तिकडच्या खेडवळ ढंगाच्या गाण्यांची, नामांकित गायिका होती. बापाचं काम करणाऱ्या नटानं पोरीची पहिली गिटार फोडायला उचलली, आणि व्हर्नाच्या शेजारी बसलेली तिची म्हातारी आई खुर्चीतून उठून कॅमेऱ्यासमोर आली. “थांबा. हिच्या बापानं नव्हती फोडली. मी फोडली.” व्हर्नानं तिचा दंड धरला. “आई, चल बाजूला. मीच सिनेमावाल्यांना खोटं सांगितलंय.” “का?” “लोक तुला नावं ठेवतील.” “ठेवू देत. पोरगी दारूच्या गुत्त्यात गायला निघाली म्हणून मी भ्याले. तुझ्या बापानं दोन रविवार खपून ती फुटकी गिटार पुन्हा जोडली. मेलेल्या माणसावर माझं पाप घालू नकोस.” दुपारी प्रसंग बदलून घेतला. आईचं काम करणाऱ्या नटीनं गिटार दगडावर आपटली, तेव्हा म्हातारीनं डोळे मिटले नाहीत.