आधी तो, मग मी

"आधी तो गाईल, मग मी," दादा म्हणाला आणि येरझारा घालू लागला. रेकॉर्डिंगची खोली इतकी लहान होती की येरझारा कमी आणि गिरक्याच जास्त होत होत्या.

"त्याचंही हेच म्हणणं आहे," मधली म्हणाली.

मधली म्हणजे दादाहून लहान, धाकट्याहून मोठी बहीण. रेकॉर्डिंग तिच्याकडे होतं, आणि भांडणं मिटवणंही.

दादाच्या ख्रिस्ती गटाचा युगलगीतांचा अल्बम जवळजवळ तयार होता. प्रत्येक गाण्यात गटासोबत एक पाहुणा. एकमेकांच्या चर्चच्या पाळकांना नावं ठेवणारे गायकसुद्धा आले, गायले, चहा पिऊन गेले. अडलं होतं ते शेवटचं गाणं. गाणं क्षमेवर होतं, आणि पाहुणा होता धाकटा.

धाकट्याने गट सोडला त्याला बरीच वर्षं झाली. कारण 'आमेन'. गाण्याच्या शेवटी दादा आमेन लांबवायचा. धाकट्याचं म्हणणं, देवाला एकदा म्हटलं तरी ऐकू येतं. एका रविवारी दादाचं आमेन चालू असतानाच तो गिटार ठेवून खाली उतरला आणि घरी गेला. तेव्हापासून बोलणं बंद.

"अरे, तो या खोलीतसुद्धा नसणार. नुसता गा," मधली म्हणाली.

"मी आधी गायलो म्हणजे मी नमलो."

"गाणं क्षमेचं आहे, दादा."

"म्हणून तर! चूक त्याची आहे."

"ठीक. गाणं काढून टाकते. चर्चच्या मंडळीला तूच सांग, दादाला सगळे चालले, भाऊ नाही चालला."

दादाचं जेवणावरून मन उडालं. एका मुलाखतीत 'एकोपा' म्हणताना त्याला ठसका लागला. खरं तर अजूनही गाताना तो डावीकडे माणूसभर जागा सोडून उभा राहायचा. ढोलवाल्याला वाटे, ही स्टाइल आहे.

दोन-तीन दिवसांनी फोन वाजला. क्षणभर दादाला धाकटाच वाटला. तिघांचे आवाज पहिल्यापासून सारखे, आईसुद्धा फोनवर आधी "कोणतं?" असं विचारायची.

"मी बोलतेय. तो आला होता. गाऊन गेला. ऐकायला ये."

दादा धावतच पोचला. "तुझ्या घशाला काय झालं?"

"एसी," मधली म्हणाली आणि गरम पाण्याचा घोट घेतला. "हेडफोन लाव."

दादाने लावला. गाणं सुरू झालं.

"आवाज जड झालाय त्याचा."

"वय झालं की होतो," मधली यंत्राची बटणं न्याहाळत म्हणाली.

शेवटी आमेन आलं. लांब. दादाच्याहून लांब. संपेचना. दादाने हेडफोन काढला, डोळे पुसले, परत लावला. आमेन अजून चालूच होतं.

"माइक चालू कर," तो म्हणाला.

पूर्ण गाणं तो एका दमात गायला. आपलं आमेन मात्र त्याने एवढंसं केलं, शिंकेएवढं. मग हेडफोन ठेवून बाहेर पडला आणि थेट धाकट्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

धाकट्याने दार उघडलं. एक बूट पायात, दुसरा हातात. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनीही पायपुसण्याकडे पाहिलं.

"केस गेले की तुझे," धाकटा म्हणाला.

"तुझं पोट सुटलंय."

"आत ये."

"थांब, आधी बोलू दे, नाहीतर राहून जाईल." दादा म्हणाला. "मी हट्ट धरून बसलो. तू मात्र आधी जाऊन गायलास. मन मोठं केलंस, बाबा."

धाकटा हातातल्या बुटाकडे बघत राहिला.

"मी? मी कुठे गायलो? तू गाऊन गेलास असा ताईचा परवा फोन आला, तेव्हापासून मी बूटच घालतोय."